तार कुठे तुटली?

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी, अहेरी जमीनदारीतल्या चुंचगुंडी इथे तारखात्याच्या तीन माणसांचा तळ पडला होता. गार्टलँड, हॉल आणि पीटर ही त्यांची नावं. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांनी मार्चपासून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं होतं आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले होते. त्यांच्या लोकांनी त्या रात्री तळावर छापा घातला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याला जाऊन मिळाला. तारखात्यावरच्या हल्ल्याची बातमी सरकारला कळली ती जीव वाचवून आलेल्या माणसाच्या तोंडून.

सप्टेंबरात अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंच्या मदतीने इंग्रजांनी बाबूरावांना पकडलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली. त्या कारागृहातल्या पिंपळापाशी दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, फुलं वाहतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासात या लढ्याचं स्थान मोठं आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. तारखात्याची ती दोन माणसं मात्र सहसा तळटीपेत राहतात. इथे त्यांची आठवण काढायची ती एका वेगळ्या कारणासाठी. दूरवर निरोप पोचवणारी यंत्रणा या जंगलात पहिल्यांदा आली तेव्हा ती राज्यकर्त्यांची म्हणून आली. खांब कुणी रोवायचे, तारेवरून काय जाऊ द्यायचं आणि काय थांबवायचं, हे ठरवणारा माणूस गावाबाहेरचा होता. आज गावातल्या मुलाच्या फोनवर एखादी साइट उघडत नाही, तेव्हाही ती कुणी अडवली हे त्याला बहुधा कळत नाही. या दोन गोष्टींमध्ये पावणेदोनशे वर्षांच्या जवळपासचा काळ गेला आहे.

तार चांद्यात रुळली ती रेल्वेबरोबर. १८७० च्या दशकात कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ आले. पुढे ते बल्लारशापर्यंत गेले आणि १९२९ साली काझीपेटकडून आलेल्या रुळांशी जोडले गेल्यावर दिल्ली-मद्रास सरळ मार्ग याच जिल्ह्यातून जाऊ लागला. रुळाशेजारी खांब, खांबावर तार. जंगलातली तार सांभाळणं हे मेहनतीचं काम होतं. वाऱ्यात सागाची फांदी पडे, पावसाळ्यात खांब खचत. तार बंद पडली की लाइनमनपुढे पहिला प्रश्न असे: कुठे तुटली? शेकडो मैल चालत जाऊन तार तपासणं शक्य नव्हतं. मग मधल्या एखाद्या ठाण्यावरून दोन्ही बाजूंना खटका वाजवून बघायचा. ज्या बाजूने उत्तर येईल ती बाजू शाबूत. जिकडून येत नाही तिकडचा तुकडा पुन्हा दोन भागांत वाटायचा, पुन्हा खटका, आणि शेवटी दोन ठाण्यांमधल्या काही मैलांपुरतं चालायचं. बिघाड शोधण्याची ही पद्धत इतकी साधी आणि इतकी पक्की आहे की आजच्या वायफायलाही ती तंतोतंत लागू पडते. तिच्याकडे शेवटी यायचंच आहे.

त्याच काळात कायदाही आला. १८८५ चा भारतीय तार अधिनियम. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी निरोप अडवण्याचा, वाचण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. तार स्वतः जुलै २०१३ मध्ये बंद झाली. लोक शेवटची तार करायला रांगा लावून उभे होते, त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. पण कायदा तारेपेक्षा जास्त जगला: इंटरनेट तात्पुरतं बंद करण्याचे २०१७ चे नियम याच कायद्याखाली निघाले. त्याची जागा घेणाऱ्या दूरसंचार अधिनियम २०२३ मधली बरीच कलमं २०२४ च्या जूनअखेरीस अमलात आली, तोपर्यंत एकोणिसाव्या शतकातला हा कायदा खेड्यातल्या मोबाइलवरही लागू होता.

स्वातंत्र्यानंतर फोन शहरात आला आणि जंगलाच्या अलीकडे थांबला. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमटे यांनी भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, तेव्हा तिथे वीज, रस्ता, फोन यांतलं काहीच नव्हतं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा गडचिरोली जिल्हा झाला. त्याच दशकात देशभर पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकानं उभी राहिली. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या दक्षिणेकडच्या तालुक्यांना ती लाट फार उशिरा आणि फार पातळ होऊन लागली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही तुटतो. रस्ता तुटला, लाइट गेली, टॉवरची बॅटरी संपली, आणि रेंज गेली. हा क्रम तिथल्या लहान मुलांनाही पाठ असतो.

मग टॉवर आले आणि त्यांच्यावरही लढाई झाली. माओवाद्यांना मोबाइलवरून पोलिसांना जाणाऱ्या खबरीची भीती होती. त्यांनी टॉवर जाळले, उपकरणं फोडली. सरकारला टॉवर हवे होते ते आधी पोलिसांसाठी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने माओवादग्रस्त दहा राज्यांत दोन हजारांहून अधिक टॉवर उभारण्याची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे गेलं, तंत्र टू-जी होतं. सरकारी कागदात या जागांना सुरक्षा ठिकाणं म्हटलं गेलं, कारण त्यांची निवड गृह खात्याच्या यादीवरून झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ ठिकाणांवर टू-जीचं फोर-जी करायला १,८८४ कोटी रुपयांहून अधिक मंजूर झाले. त्याच वर्षी जुलैत देशातल्या रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची दुसरी योजना आली. १८५८ मधली तार काय किंवा २०१४ मधला टॉवर काय, जंगलात निरोपाचा खांब रोवला गेला तो आधी बंदोबस्तासाठी. गावकऱ्याच्या बोलण्यासाठी तो नंतर उपयोगी पडला. याचा राग धरण्याचं कारण नाही. टॉवर आला म्हणून बाळंतिणीला वेळेत गाडी मिळाली असे प्रसंग आश्रमशाळेतल्या शिक्षकापासून आशाताईपर्यंत सगळे सांगतात. पण कुणाच्या गरजेने सुरुवात झाली, हे विसरूनही चालणार नाही.

टू-जीच्या त्या वर्षांनी लोकांना एक सवय लावली. पान उघडायला मिनिट-मिनिट लागायचं, अर्धवट उघडून थांबायचं. मग काहीही अडलं की एकच निदान: रेंज नाही. रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटला नाही तर ‘सर्व्हर डाउन’. सातबारा निघाला नाही तर ‘लिंक नाही’. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकला नाही तर ‘साइट उघडूनच नाही राहिली’. विदर्भाच्या बोलीतलं हे ‘उघडून नाही राहिली’ ऐकायला गोड आहे, पण त्यात कर्ता नाही. साइट आपोआप उघडत नाही, कुणी तिला अडवलेलं नाही, असंच ते सुचवतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. काही वेळा नसतं.

सार्वजनिक जोडणीच्या दारावर पहारा कसा बसला, याची गोष्ट मुंबईत सुरू होते. २००१ साली सायबर कॅफेंमध्ये मुलांना अश्लील साइट सहज दिसतात अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयाकडे पत्राने गेली. न्यायालयाने त्या पत्राची दखल घेतली, एक समिती नेमली, आणि जानेवारी २००२ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यात कॅफेत येणाऱ्याची ओळख तपासावी ही सूचना होती. पुढे एप्रिल २०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेंसाठी नियमच काढले. ओळखपत्राशिवाय संगणक द्यायचा नाही. कोण आलं, किती वेळ बसलं याची नोंदवही एक वर्ष जपायची. कोणत्या साइट पाहिल्या गेल्या याचीही नोंद ठेवायची. अश्लील साइट गाळणारं सॉफ्टवेअर टाकता येईल, असंही त्यात होतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या परीक्षेचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत टेबलावर दिसणारी ती लांबट वही याच नियमांची देणगी.

वायफायवरचा पहाराही महाराष्ट्रातल्याच एका घटनेने आला. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याची जबाबदारी घेणारा इंडियन मुजाहिदीनचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं आढळलं. ऑगस्टमध्ये पुढचा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला, सप्टेंबरात आणखी एक चेंबूरमधून. ज्यांच्या वायफायवरून हे गेलं त्यांचा त्यात काही हात नव्हता. त्यांनी फक्त पासवर्ड लावलेला नव्हता. २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढली: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या सांकेतिक क्रमांकाने. आज कुठल्याही स्थानकावर वायफायला जोडल्यावर फोन नंबर विचारला जातो आणि ओटीपी येतो, त्याचं मूळ इथे आहे.

रेल्वे स्थानकावरचं फुकट वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. रेलटेल आणि गूगल यांचा तो एकत्र उपक्रम होता. गूगल २०२० साली बाजूला झालं. रेलटेलने काम चालू ठेवलं आणि मे २०२१ पर्यंत सहा हजार स्थानकांचा टप्पा गाठला. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला मात्र वडसा हे एकच स्थानक. त्यामुळे या जिल्ह्याला सार्वजनिक वायफाय आणायची वाट ग्रामपंचायतीवरून जाते. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर न्यायचं ठरलं. ९ डिसेंबर २०२० ला केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात चहाच्या टपरीवाल्यालाही परवाना किंवा शुल्क न देता वायफाय विकता येतं.

या सगळ्यात जंगलातल्या गावापुढे एक खास अडचण उभी राहते आणि शहरात बसून नियम करणाऱ्याच्या ती ध्यानात येत नाही. वायफाय चालू करायला ओटीपी लागतो. ओटीपी यायला मोबाइलची रेंज लागते. ग्रामपंचायतीत फायबर आहे, पण गावात एकाच कंपनीचा टॉवर आहे आणि आपलं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे, तर वायफायची पट्टी भरलेली दिसते आणि आत मात्र जाता येत नाही. किल्ली दुसऱ्या गावात ठेवून घराला कुलूप लावावं, तशी ही गत.

आता अडवलेल्या साइटकडे. भारतात साइट बंद करण्याचा इतिहास चाचपडण्याचा आहे. कारगिल युद्धाच्या काळात, १९९९ मध्ये, ‘डॉन’ या पाकिस्तानी वृत्तपत्राची साइट विदेश संचार निगमच्या जोडणीवरून दिसेनाशी झाली. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित ‘किनहुन’ हा याहूवरचा गट बंद करण्याचा आदेश निघाला. इंटरनेट कंपन्यांना एकच गट वेगळा काढता येईना; त्यांनी सगळे याहू ग्रूप्स बंद केले. मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलै २००६ ला स्फोट झाल्यावर सतरा साइटची यादी गेली, आणि परिणाम म्हणून ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज यांवरचे हजारो निरुपद्रवी ब्लॉग दिवसेंदिवस उघडेनात. एक फांदी तोडायला सांगावं आणि झाडच आडवं पडावं, असं हे वारंवार होत गेलं.

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९-अ आलं, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते नियमांसह अमलात आलं. देशाची सुरक्षा, परकीय संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी साइट बंद करण्याचा रीतसर मार्ग आता मिळाला. त्यात समिती आहे, नोटिशीची तरतूद आहे. पण सोळावा नियम सांगतो की तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं त्याच कायद्यातलं ६६-अ हे कलम रद्द केलं. त्या खटल्याला सुरुवात झाली ती नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेमुळे. त्याच निकालात ६९-अ मात्र वैध ठरवलं गेलं. संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार ६९-अ खाली २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद झाले होते. २०२० मध्ये ९,८४९. टिकटॉकसह ५९ ॲप बंद झाली ती त्याच वर्षी, २९ जूनला.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा मोठा आहे, आणि त्यातला एक प्रसंग तरी नीट सांगायला हवा. आयसिसचा प्रचार होतो म्हणून मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने मागणी केली, मुंबईतल्या न्यायालयाने आदेश दिला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइट बंद झाल्या. त्यांत गिटहब होतं, विमिओ होतं, इंटरनेट आर्काइव्ह होतं. गिटहबवर जगभरचे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्यावाचून अडतो. आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं, गॅझेटिअर, नियतकालिकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. ज्याच्या जिल्ह्यात मोठं ग्रंथालय नाही त्याला तेच ग्रंथालय. काही दिवसांत यांतल्या बऱ्याच साइट पुन्हा सुरू झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये आर्काइव्ह परत बंद पडलं, या वेळी दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवरून मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे. यादीत अडीच हजारांहून अधिक पत्ते होते.

या काळात सगळ्यात नेमकं बोललं ते मुंबई उच्च न्यायालय. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निर्मात्यांनी बीएसएनएलसह कंपन्यांविरुद्ध साइट बंद करण्याचा आदेश मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला; आधी पडताळा आणा, मग नेमक्या दुव्यांपुरतं बघू, अशी त्यांची भूमिका होती. पडताळलेले १३४ दुवे समोर आल्यावरच आदेश झाला. त्याचबरोबर त्यांनी सांगितलं की अडवलेल्या पानाच्या जागी लोकांना दिसणारा मजकूर स्पष्ट हवा: कोणत्या कारणाने बंद आहे, आणि ज्याला हरकत असेल त्याने कुणाकडे जायचं. ऑगस्टमध्ये काही कंपन्यांनी लावलेल्या मजकुरात चोरटी प्रत नुसती पाहणं हासुद्धा तुरुंगवासाचा गुन्हा असल्याचा अर्थ निघत होता. देशभर घबराट उडाली. पाहणं हा गुन्हा नाही, असं पटेल यांनी बजावलं आणि तो शब्द काढायला लावला. अडवायचं असेल तर सांगून अडवा: नागरिकाच्या बाजूने याहून सोपी मागणी असू शकत नाही.

दुर्दैव असं की ती मागणी तंत्राच्या बदलात वाहून गेली. २०१६ च्या आसपासपर्यंत पुष्कळ साइट साध्या एचटीटीपीवर होत्या. कंपनीला वाटेतच पान बदलून ‘दूरसंचार विभागाच्या आदेशाने बंद’ अशी पाटी लावता येत असे. मग फुकट प्रमाणपत्रं मिळू लागली, कुलपाचं चिन्ह असलेलं एचटीटीपीएस सगळीकडे पसरलं. ते लोकांच्या भल्याचंच झालं. स्थानकावरच्या वायफायवर शेजारी बसलेल्याला आपला पासवर्ड वाचता येत नाही तो यामुळे. पण कुलूपबंद पानात कंपनीलाही पाटी घुसवता येत नाही. मग ती दोनपैकी एक करते. साइटचं नाव विचारलं की डीएनएस, म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची डायरी, खोटा पत्ता देते किंवा गप्प राहते. किंवा जोडणीच्या सुरुवातीला उघड्यावर जाणारं साइटचं नाव वाचून जोडणीच कापून टाकते. जिओ असं नाव वाचून अडवते, हे २०१९ च्या अखेरीस स्वतंत्र अभ्यासकांनी दाखवलं. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या अभ्यासात असंही निघालं की कुठल्या ना कुठल्या कंपनीने अडवलेल्या साइट चार हजारांवर होत्या, पण सगळ्या कंपन्यांनी एकसारख्या अडवलेल्या त्यांतल्या साधारण चौथा भागच. देशाचा कायदा एक, आणि कोणती साइट दिसेल हे कुठल्या कंपनीचं सिम घातलंय त्यावर अवलंबून.

वापरणाऱ्याला यातलं काय दिसतं? ‘साइट सापडली नाही’. ‘जोडणी तुटली’. ‘वेळ संपली’. अगदी तेच शब्द, जे रेंज नसताना दिसतात. पाटी गेली, आणि शहरातल्या माणसाचीही अवस्था भामरागडच्या माणसासारखी झाली: उघडून नाही राहिली, कर्ता नाही.

म्हणून लाइनमनची जुनी पद्धत पुन्हा हातात घ्यावी लागते. तार मधोमध वाटायची.

पहिला तुकडा वायफायच्या दारापर्यंतचा. ओटीपी न देता कुठलंही कुलूपबंद पान उघडायला गेलं तर ते अडतंच, कारण वायफायवाल्याला आपलं लॉगिनचं पान तिथे आणून ठेवता येत नाही. फोन स्वतः एक साधं पान मागून दार ओळखायचा प्रयत्न करतो. तो फसला तर ब्राउझरमध्ये मुद्दाम साधी, बिनकुलपाची साइट उघडायची. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट नेमकी याच कामासाठी आहे. ती उघडायला गेलं की लॉगिनचं पान बहुधा समोर येतं. अँड्रॉइडमध्ये २०१८ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ अशी सोय आहे. तिच्यात कुणी विशिष्ट नाव भरून ठेवलं असेल तर काही सार्वजनिक वायफायवर दारच उघडत नाही. तेवढ्यापुरती ती स्वयंचलितवर आणायची. व्हीपीएन चालू असेल तर तेही तसंच अडतं.

दुसरा तुकडा आपल्याच यंत्रातला, आणि आश्रमशाळांच्या, पंचायतींच्या जुन्या संगणकांवर तो फार वेळा निघतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, लाइट गेली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, आणि प्रमाणपत्राची मुदत तपासणारा ब्राउझर झाडून सगळ्या साइटना धोकादायक ठरवतो. मुलं म्हणतात साइट ब्लॉक केल्या. खरं तर घड्याळ चुकलेलं असतं. ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा बरोबर घड्याळ असलेल्या जुन्या उपकरणांवरही कित्येक साइट अचानक उघडेनाशा झाल्या होत्या. तिथे इलाज एकच, यंत्रणा अद्ययावत करणं.

दार उघडं आहे, घड्याळ बरोबर आहे, बाकी साइट चालतात, आणि एकच उघडत नाही. मग तिसरा तुकडा. तीच साइट त्याच फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघायची. उघडली, तर अडथळा त्या वायफायपुरता आहे: शाळेने, ग्रंथालयाने किंवा वायफायवाल्याने गाळणी लावली आहे, आणि ती काढायची की नाही हे ठरवणारा माणूस भेटण्यासारखा आहे. अशा गाळण्या बऱ्याचदा आंधळ्या असतात. शब्दांवरून किंवा तयार वर्गवारीवरून साइट अडवतात, आणि त्यात शरीरविज्ञानाचं, लैंगिक आरोग्याचं पानही सापडतं. किशोरवयीन मुलामुलींना हीच माहिती सगळ्यात जास्त लागते, आणि अशा वेळी शिक्षकाने तो पत्ता लिहून देऊन गाळणीतून सोडवून घ्यायला हवा. मोबाइल डेटावरही उघडली नाही, तर शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम. तिथे उघडली तर आपल्या कंपनीची यादी, आणि तक्रार तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. कुठेच उघडली नाही, आणि परगावच्या नातेवाइकालाही उघडत नाही, तर साइटच बंद पडलेली असण्याची शक्यता मोठी. परदेशातल्या भाच्याला मात्र ती दिसत असेल, तर खटका वाजवत आपण दिल्लीच्या ठाण्यापर्यंत येऊन पोचलो.

त्या ठाण्यावरून उत्तर मिळणं अवघड आहे. माहितीच्या अधिकारात विचारलं तर सोळाव्या नियमाकडे बोट दाखवलं जातं. एखादा आदेश खरंच सुरक्षेसाठी असेल तर तपशील गुप्त ठेवणं समजू शकतं. पण आदेश आहे की नाही, एवढंही वाचकाला न कळणं हे समजण्यापलीकडचं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. उपग्रहाची जोडणी आली तर पर्लकोटेचा पूर, जळालेला टॉवर, संपलेली बॅटरी यांतलं बरंच मागे पडेल. ६९-अ चे आदेश तिलाही लागू राहतील.

तोवर एक गोष्ट एटापल्ली-अहेरीतल्या सेवा केंद्रांना, पंचायतींना आणि शाळांना आजच करता येईल. २०११ च्या नियमांनी त्यांच्याकडे कोण आलं आणि काय पाहिलं याची वही ठेवायला लावली. तशाच दुसऱ्या वहीत, काय उघडलं नाही, याची नोंद करावी: तारीख, वेळ, साइटचा पत्ता, कुठल्या कंपनीचं नेट, पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे, आणि दुसऱ्या सिमवर उघडली की नाही. कंपनीकडे किंवा न्यायालयात जायची वेळ आली, तर पहिल्यांदा मागितलं जाईल ते हेच.